ग्रोनविक येथे न्यायालय भरेल

देशाच्या कायद्याच्या पुस्तकात आमच्या गावाचं नाव एकदाच येतं. वाक्य असं आहे : ‘वायव्य विभागाचे न्यायालय ग्रोनविक येथे भरेल.’ कधी भरेल, कोण भरवेल आणि नाहीच भरलं तर कोणाला धरायचं, याबद्दल कायदा काही बोलत नाही. पण नाव आहे. शेजारचं गाव आमच्याहून मोठं, तिथे दोन सिग्नल आहेत, तरी त्याचं नाव नाही. हे आम्ही कधी बोलून दाखवत नाही, कारण फुशारकी मारणं आमच्याकडे चोरीच्या खालोखाल समजतात. बोलता बोलता कसं कोण जाणे, निघतं एवढंच.

व्यवस्था अशी आहे. राज्याची न्यायालयं वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्रानं देशाचे चौऱ्याण्णव न्यायजिल्हे पाडले, त्यात आमचं अख्खं राज्य म्हणजे एक जिल्हा. जिल्ह्याचे चार विभाग. पैकी वायव्य विभागात अकरा काउंट्या, तीन तलाव, अगणित बदकं आणि आम्ही. न्यायाधीश, त्यांचे मदतनीस आणि मदतनिसांचे मदतनीस दोनशे दहा मैलांवर मुख्यालयी राहतात. ग्रोनविकला दगडी इमारत आहे, बारा खुर्च्यांचा ज्युरीचा कठडा आहे आणि ऑरिन लुंडबी आहे.

ऑरिनचं पद प्रभारी उपनिबंधक. विभागात दुसरा निबंधक नाही म्हणून प्रभारी, आणि प्रभार कशाचा म्हणाल तर स्वतःचा. वय अठ्ठावन्न, अंगानं किरकोळ, मनानं इतका भिडस्त की फोनवर चुकीचा नंबर लागलेल्या माणसाशीही दहा मिनिटं बोलतो. दर सोमवारी तो कोर्टरूम उघडायचा, मायक्रोफोन लागतो की नाही हे बघायला त्यात ‘सर्वांनी उभे राहावे’ असं म्हणायचा, आणि दुसरं कोणी नसल्यामुळे स्वतःच थोडं आणखी ताठ उभा राहायचा. सव्वीस वर्षं हे काम त्यानं चोख केलं.

मार्च महिन्यात मुख्यालयातून निबंधक कॉन्स्टन्स बर्डिक यांचं पत्र आलं. ग्रोनविक येथे गेल्या सहा वर्षांत ज्युरीसमोर एकही खटला चाललेला नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत एक तरी न चालल्यास न्यायस्थान बंद करण्यात येईल आणि श्री. लुंडबी यांना मुख्यालयी सामावून घेण्यात येईल. खाली लिहिलं होतं : ‘आपल्या सेवेची कदर आहेच.’

ऑरिननं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. लव्होननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते दोनदा वाचलं.

“मी येणार नाही तिकडे,” ती म्हणाली. “माझी आई इथल्या वृद्धाश्रमात आहे, बहीण दोन घरं सोडून आहे. त्या शहरात मी खिडकीतून कोणाकडे बघू?”

“मी तरी कुठे जातोय?”

“मग खटला आण.”

“खटला काय बाजारात मिळतो?”

“मिळत नाही म्हणून तर कोर्ट बंद होतंय,” लव्होन म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात रविवारच्या चर्चलासुद्धा दोघं वेगळ्या बाकावर बसली नव्हती. ऑरिनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अडचण गावाच्या स्वभावात होती. ग्रोनविकात केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा म्हणजे कोणाच्या तरी टपालपेटीला ट्रॅक्टरचा धक्का लागणं, आणि लावणारा माणूस दुसऱ्या सकाळी नवी पेटी आणि केक घेऊन दारात उभा असतो. दिवाणीचं त्याहून कठीण. एकाच राज्यातले दोघे भांडले तर ते राज्याचं कोर्ट बघतं. भांडणारे दोन राज्यांतले असले आणि नुकसान पंचाहत्तर हजार डॉलरच्या वर गेलं, की मग केंद्राला त्यात रस वाटू लागतो. आम्ही नदीकाठी राहतो आणि पलीकडे दुसरं राज्य आहे, म्हणजे निम्मी अट देवानंच पुरी करून ठेवली होती. पण भांडायचं कोणी?

एक प्रकरण होतं. दोन वर्षांपूर्वी अलीकडच्या मर्विन ओस्टबीनं वारा न बघता शेतात तणनाशक फवारलं. ते उडून पलीकडच्या क्लिफर्ड हौगेनच्या दोनशे एकर सूर्यफुलांवर पडलं, आणि नुकसान त्या अटीत बसण्याइतकं झालं. एका फुलानं पुढे मान वळवली नाही, कारण मानच उरली नाही. यावर क्लिफर्ड दोन वर्षं एवढंच म्हणत होता, “यंदा सूर्यफुलं जरा गप्प आहेत.” दोघे रोज सकाळी एकाच टेबलावर कॉफी घेत.

न्यायालयाच्या कर्मचाऱ्यानं कोणाला कायद्याचा सल्ला देऊ नये असा नियम आहे, आणि ऑरिननं नियम मोडला नाही. तो कॅफेत गेला, टेबल डुगडुगतंय म्हणाला आणि दाव्याचा कोरा फॉर्म घडी न घालता क्लिफर्डच्या कपाखाली सरकवला.

“हे काय?” क्लिफर्डनं विचारलं.

“कागद.”

“कसला?”

“ते मला सांगता येत नाही. नियम आहे.”

क्लिफर्डनं कागद वाचला. समोर बसलेल्या मर्विननंही मान वाकडी करून वाचला.

“भर की,” मर्विन म्हणाला. “कोर्ट राहील गावात. मी काही मनावर घ्यायचो नाही.”

“अरे, तुझ्यावरच भरायचाय.”

“म्हणूनच म्हणतोय. दुसऱ्या कोणावर भरलास तर त्याला राग येईल.”

दावा दाखल झाला. दोघांनी वकील केले. सप्टेंबरची तारीख पडली आणि न्यायाधीश हॅव्हरकँप स्वतः ग्रोनविकला येणार असं ठरलं.

गावात जान आली. लव्होननं चर्चच्या तळघरात ‘कोर्ट वाचवा समिती’ स्थापन केली आणि टेबलावर निवेदन ठेवलं : न्याय आमच्या दारात राहिला पाहिजे, न्यायासाठी आम्ही वाटेल ते करू. गावाची वस्ती दोन हजार तीनशे. सह्या झाल्या चार हजार एकशे बारा. उरलेल्या सह्या उत्साहाच्या होत्या.

खटल्याला ज्युरी लागते. दिवाणीत किमान सहा माणसं. मतदारयाद्यांतून नावं काढून ती सगळी एका चाकात टाकलेली असतात. हे चाक पूर्वी लाकडाचं होतं, आता संगणकात आहे, पण नाव चाकच. ऑरिननं चाक फिरवून एकशेवीस नावं काढली आणि समन्स पाठवली. येणं अशक्य असेल तर कारण लिहायला फॉर्मवर चार ओळींची जागा असते. ती कारणं वाचून मान्य की अमान्य हा शिक्का मारणं ऑरिनचं काम.

आठवड्याभरात सत्त्याण्णव जणांची कारणं आली. येत नाही असं कोणीच लिहिलं नव्हतं. तसं लिहिणं उर्मटपणाचं झालं असतं. एकानं लिहिलं, मला यायला फार आवडलं असतं, पण माझ्यामुळे दुसऱ्या कोणाची संधी जायला नको. एकानं लिहिलं की आपल्याला नीट ऐकू येत नाही. हा इसम अकरा काउंट्यांत पियानो सुरात लावून देतो. आम्हीही एक पाठवलं होतं, ते चार ओळींत मावलं नाही. ऑरिननं सहज निवेदन काढून ताडून पाहिलं. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव सह्या त्यात होत्या.

‘अमान्य’चा शिक्का त्याच्या हातात होता. पण ज्याच्या कारणावर शिक्का बसणार तो माणूस रविवारी चर्चमध्ये हात मिळवणार, सोमवारी कॅफेत साखर पुढे करणार. त्याला तोंड कसं दाखवायचं? ऑरिननं विचार केला, तेवीस माणसं राहतात की, सहाच तर लागतात. त्यानं सगळ्यांवर ‘मान्य’ मारलं. एक कारण वाचताना मात्र तो थांबला, कारण अक्षर ओळखीचं होतं.

“तूसुद्धा?” त्यानं घरी येऊन विचारलं.

“मग काय करू?” लव्होन म्हणाली. “न्यायाधीश येणार, सगळं गाव हिरवळीवर जमणार. तीनशे माणसांची कॉफी ज्युरीत बसून करू?”

हेही कारण सबळ होतं.

खटल्याच्या सकाळी कोर्टासमोर खरोखर तीनशे माणसं उभी होती. हातात पाट्या : ‘हे न्यायालय आमचं आहे.’ लव्होनची कॉफी, लेमन बार, आणि आमच्याकडे लग्नाला नि मयताला सारखंच चालणारं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे नि खिमा. न्यायाधीश हॅव्हरकँप गाडीतून उतरले तेव्हा टाळ्या झाल्या. ते भारावले. आत कठड्यासमोर तेवीस माणसं बसली होती. न्यायाधीशांनी पहिल्याला, एका बीटच्या शेतकऱ्याला, नेहमीचा प्रश्न विचारला.

“आपण निःपक्षपातीपणे निर्णय देऊ शकाल का?”

“आता ते मी स्वतः कसं सांगू, साहेब? ते लोकांनी सांगायचं.”

“हो किंवा नाही एवढंच सांगा.”

“माझ्यापेक्षा बरी माणसं मागे बसली आहेत,” शेतकरी म्हणाला आणि मागे बघून हसला.

कायद्यानं, ज्याला स्वतःच्या निःपक्षपातीपणाची खात्री नाही त्याला बसवता येत नाही. न्यायाधीशांनी त्याला सोडलं. दुसरा म्हणाला, बायकोच्या मते मी हेकट आहे, आणि तिला अनुभव आहे. तिसरी म्हणाली, निःपक्षपाती म्हणजे फार झालं, मी प्रयत्न करीन, पण कोणाला वचन दिलेलं बरं नाही. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की आपण चांगले आहोत असं आपल्या तोंडानं म्हणायचं नाही. ही शिकवण घरोघरी रुजली आहे. अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते हेही घरोघरी माहीत आहे. दुपारपर्यंत तेविसांतले पाच उरले. त्या पाचांच्या घरी खटला बघायला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना रात्रभर जागवलं होतं आणि प्रश्न संपायच्या आत त्यांनी पेंगत होकाराची मान हलवली होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “मिस्टर लुंडबी, एकशेवीस समन्स गेली होती ना? बाकीचे कुठे आहेत?”

“त्यांची कारणं सबळ होती, साहेब.”

“सत्त्याण्णव?”

“एकेक वाचलं की सबळ वाटत होतं,” ऑरिन म्हणाला.

न्यायाधीशांनी कायदा पाहिला. माणसं ऐन वेळी कमी पडली तर मार्शलनं, म्हणजे कोर्टाच्या पोलिसानं, मतदारयादी घेऊन बाहेर जावं आणि जो सापडेल त्याला हुकूम बजावावा अशी सोय आहे. मार्शल यादी घेऊन हिरवळीवर गेला आणि त्यानं पहिलं नाव वाचलं. आमच्याकडे कोणी पळत नाही. प्रत्येकानं शांतपणे एकेक रिकामं ताट उचललं आणि धुवायला म्हणून निघाला. चार मिनिटांत हिरवळीवर पाट्या उरल्या, कॉफीचं भांडं उरलं, आणि गुडघ्यामुळे घडीच्या खुर्चीतून उठू न शकलेल्या थेल्मा रोवांग उरल्या. वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका. वयामुळे त्यांना नाही म्हणता आलं असतं.

“मी इथे बसलेच आहे, तिथे बसते,” त्या म्हणाल्या. मार्शलनं त्यांना हाताला धरून आत आणलं.

“बाई, आपण निःपक्षपातीपणे निर्णय देऊ शकाल का?” न्यायाधीशांनी विचारलं. आवाजात आता आशा कमी होती.

“हो.”

“काय म्हणालात?”

“शकते म्हणाले. एकतीस वर्षं चौथीच्या मुलांची भांडणं सोडवली. ह्या दोघांचीही सोडवलीत, क्लिफर्ड तेव्हा पूल ओलांडून आमच्याच शाळेत यायचा. मर्विन तेव्हाही वारा बघत नसे.”

सहावी खुर्ची भरली होती, ग्रोनविक वाचलं होतं, ऑरिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण थेल्माबाईंच्या त्या ‘हो’नं बाकीच्यांना कसंसंच झालं. खिडकीशी परतलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. स्वतःला न्यायी म्हणवून घेते, तेही भर कोर्टात.

दोन्ही बाजूंना कारण न देता तीन-तीन माणसं नाकारण्याचा हक्क असतो. तोवर कोणी वापरला नव्हता. क्लिफर्ड वकिलाच्या कानात कुजबुजला. मर्विनही त्याच्या वकिलाच्या कानात कुजबुजला. दोन्ही वकील एकाच वेळी उठले आणि दोघांनी थेल्मा रोवांग यांना आदरपूर्वक नाकारलं.

मग दोघे व्हरांड्यात भेटले.

“बाई फारच पोचलेली आहे,” क्लिफर्ड म्हणाला.

“एवढी खात्री माणसाला असू नये,” मर्विन म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि एकमत झाल्यावर खटल्याला अर्थ नव्हता. पुढची दोन वर्षं मर्विननं क्लिफर्डचं शेत पेरून द्यायचं ठरलं. न्यायाधीश सहा वाजता परत गेले. हॉटडिश त्यांच्याबरोबर बांधून दिलं.

एकतीस डिसेंबरला न्यायस्थान बंद झालं. निरोपाच्या जेवणाला चारशे माणसं आली आणि मुख्यालयाला माणसांची किंमत नाही यावर सर्वांचं बोलणं झालं.

ऑरिन शहरात टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहू लागला. बर्फ नसेल तर महिन्यातून एकदा घरी जाई. बर्फ असे. अनुभवी म्हणून बर्डिकबाईंनी त्याला ज्युरीच्या सबबींच्या टेबलावर बसवलं. इथे चमत्कार झाला. शहरात तो कोणाला ओळखत नव्हता, आणि ओळख नसलेल्या माणसाला नाही म्हणायला त्याला काहीच वाटेना. दहातल्या नऊ सबबी तो अमान्य करू लागला. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का, असं त्यानं एकाला लिहून विचारलं. बर्डिकबाईंनी मासिक बैठकीत त्याचं नाव घेतलं.

फक्त वायव्य विभागाच्या अकरा काउंट्यांतून आलेल्या प्रत्येक सबबीवर ‘मान्य’ पडत होतं. त्या सगळ्यांत कारण एकच : अंतर फार आहे, कोर्ट गावात असतं तर चालत आलो असतो.

“लुंडबी,” बर्डिकबाई म्हणाल्या, “ज्युरी सगळ्या जिल्ह्यातून यायला हवी. तुमच्या बाजूचं एक माणूस दिसत नाही.”

“मॅडम, दोनशे दहा मैल म्हणजे—”

“इतरांना तुम्ही शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावता. यापुढे तिकडची एकही सबब मान्य नाही.”

दुसऱ्याच दिवशी जो पहिला लिफाफा उघडला त्यात ओळखीचं अक्षर होतं. लव्होननं लिहिलं होतं : नवरा बाहेरगावी नोकरीला असतो, घरी मी एकटी, बर्फातून एवढं लांब मला गाडी चालवत आणणारं कोणी नाही.

नियम असा की आपल्या नात्यातल्याचा कागद दुसऱ्याकडे द्यावा. ऑरिननं तो दिवसभर स्वतःच्या टेबलावर ठेवला. सहा आठवडे त्यानं तिला पाहिलं नव्हतं. ती आली तर सोमवारी साडेआठला त्या दारातून येईल. पाच वाजता त्यानं ‘अमान्य’चा शिक्का उचलला आणि मारला. बायकोला आयुष्यात त्यानं दिलेला हा पहिला नकार, आणि त्यात कायद्याचा भाग अजिबात नव्हता.

शुक्रवारी तिचा फोन आला. “तुमच्या ऑफिसात कोण आहे रे तो? मारला शिक्का. घरी बायको नाही का मेल्याला?”

“असेल,” ऑरिन म्हणाला. “मी बघतो.”

लव्होन आली. पहाटे तीनला निघून, बर्फातून, हॉटडिश ब्लँकेटात गुंडाळून. ग्रोनविकात जो प्रश्न विचारून उपयोग नव्हता तो न्यायाधीश हॅव्हरकँप यांनी इथे विचारला, न्यायालयातल्या कोणाला आपण ओळखता का? तिनं निबंधकांच्या टेबलाकडे बोट केलं. “तो तिथला चष्मेवाला माझा नवरा आहे.” तिला लगेच सोडण्यात आलं. दुपारी वाहनतळावर गाडीत बसून दोघांनी एकाच डब्यातून हॉटडिश खाल्लं. ते मधोमध गोठलेलं होतं. ऑरिनला ते जगातलं सगळ्यात चांगलं जेवण वाटलं, आणि तसं त्यानं सांगितलंही, जे आमच्याकडे पुरुष सांगत नाहीत.

ती परतली आणि गावाला कळलं की चारशेवीस मैलांची फेरी पडली तरी सुटका होते. अट एवढीच, ऑरिनशी ओळख हवी. मार्चमध्ये वायव्य विभागातले अकरा जण हजर झाले. अकराही जणांनी हात वर केला.

“किती ओळखता?” न्यायाधीशांनी विचारलं.

“त्यांच्या घरचं एक भांडं आमच्याकडे आहे, साहेब,” पहिला म्हणाला. “तीन वर्षं झाली. परत द्यायचं राहिलंय. मनात सारखं तेच येणार.”

एप्रिलमध्ये चौदा आले, चौदा सुटले. बर्डिकबाईंनी टिपण लिहिलं. श्री. लुंडबी मुख्यालयी असेपर्यंत वायव्य विभागातून ज्युरी मिळणे अशक्य. सबब त्यांना अशा ठिकाणी नेमावे जिथे ज्युरीची निवड होत नाही. असं ठिकाण जिल्ह्यात एकच होतं. मे महिन्यात ऑरिन लुंडबी ग्रोनविक येथील बंद न्यायालयाचा अभिलेख-रक्षक म्हणून रुजू झाला. तोच दरवाजा, तीच किल्ली, चार गल्ल्यांपलीकडे घर आणि घरात लव्होन. त्याला झोप लागू लागली. आम्ही मोठं जेवण दिलं. निवेदनाला यश आलं असं सर्वांचं मत पडलं.

जूनमध्ये समन्स आली. मुख्यालयी गेलेल्या नऊ जणांनी हात वर केला. न्यायाधीश म्हणाले, लुंडबी आता इथे नाहीत, हात खाली घ्या. त्यातले पाच बसवले गेले. दोन उशीकंपन्यांमध्ये शिवणीच्या हक्कावरून वाद होता. तो साडेतीन आठवडे चालला, ऐन पेरणीनंतरच्या फवारणीत. पाचातल्या एकाला अजून उशीवर डोकं ठेवलं की शिवण दिसते.

पाच जण परत आले त्या रविवारी चर्चच्या तळघरात टेबल लागलं, पेन दोरीनं बांधलं गेलं. मजकूर सौजन्याचा होता. श्री. ऑरिन लुंडबी यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ एका बंद इमारतीस होत असून संपूर्ण जिल्हा त्यापासून वंचित आहे, तरी त्यांना सन्मानपूर्वक मुख्यालयी परत न्यावे. दहा दिवसांत चार हजार सहाशे सह्या झाल्या.

न्यायस्थान बंद झालं तरी नियम जुनाच होता, वायव्य विभागातला कुठलाही अर्ज आधी ग्रोनविकच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. क्लिफर्ड पलीकडच्या राज्यातला, म्हणजे त्याचा त्यात संबंध नव्हता, म्हणून त्यालाच तो घेऊन पाठवलं. ऑरिननं सावकाश वाचला.

“हा निबंधकांच्या नावे केलाय,” तो म्हणाला. “बदलीचा अधिकार मुख्य न्यायाधीशांचा. असाच गेला तर परत येईल.”

“मग काय करू?”

“वरची ओळ बदल. आणि समास डावीकडे हवा.” त्यानं स्वतः रेघ मारून दिली, तारीख घातली आणि ‘प्राप्त’ शिक्का मारला.

घरी गेल्यावर लव्होननं जेवण वाढलं.

“तू सही केलीस?” ऑरिननं विचारलं.

“घरी आले होते,” लव्होन म्हणाली. “सगळे ओळखीचे. कॉफी प्यायले, आईची चौकशी केली. तोंडावर नाही कसं म्हणू?” मग बटाट्यांचं भांडं जवळ ओढत म्हणाली, “पहिल्या पानावर नाहीये. मध्ये कुठेतरी आहे.”

ऑरिननं मान हलवली. तिनं त्याला आणखी बटाटे वाढले.

आम्ही कितव्या पानावर आहोत ते विचारू नका. तुम्ही म्हणाल, काय माणसं तरी ही, एकाला लाज नाही. बरोबर आहे, आम्हीही इतरांबद्दल हेच म्हणतो. फक्त एवढं लक्षात घ्या, पुढची तारीख जानेवारीची आहे, रस्ता दोनशे दहा मैलांचा आहे, आणि चाकात तुमचंही नाव आहे. पेन टेबलाला बांधलेलं आहे. आता बोला.